पाण्याखालचे पत्ते

रामबागेतून पहाटे सव्वातीनला स्कूटर काढतो,
कोपऱ्यापर्यंत ढकलत नेतो, मग किक मारतो.
डिकीत कणकेचा गोळा, त्यात हिंग, बडीशेप
आणि उरलेली लवंग शेव, चुरून.
शेवेची युक्ती भेरूची. म्हणतो,
इंदूरच्या हद्दीतला मासा
फिक्या घासाला तोंड लावत नाही.

बायको त्या परातीला शिवत नाही.
तिच्या माहेरी चातुर्मासात वांगंसुद्धा उंबऱ्याबाहेर.
बत्तीस वर्षं ती परात न्हाणीघरात वेगळी उभी,
आणि बत्तीस वर्षं, मी निघायच्या आत,
थर्मासात चहा भरलेला.

सिमरोल मागं पडतं. घाटाअलीकडं कच्चा रस्ता,
त्याच्या टोकाला भेरू केवट,
अर्धी विडी विझवून कानावर ठेवलेला.
होडी लोटतो तेव्हा पाणी अजून दिसतही नसतं.
खोल कुठं आहे रे?
खोल तर सगळीकडंच, साहेब.
कुणाकडं जायचं, ते बोला.

कारण तळाशी त्याचं कुंडीखेडं आहे.
तो नऊ वर्षांचा होता. पाणी आलं ते पाहुण्यासारखं,
घाई न करता: आधी अंगण, मग ओटा,
मग चूल.
आता वल्ह्याच्या टोकानं तो दाखवतो,
हे पटेलांचं खळं, सपाट, रोहू चरतात.
ही विहीर, बांधीव. हिच्यात एक पडिन आहे,
म्हातारा, मिशाळ, आमच्या मास्तरांसारखा,
कुणालाच पास करत नाही.
इथं गल्ली वळते, गळ डावीकडं टाका.
आणि हे मौसीचं घर. इथं नाही टाकायचा.
का, हे मी पहिल्या वर्षी विचारलं होतं.
त्यानं वल्हं मारलं.

भाच्यानं पुण्याहून पाठवलेलं रीळ
भेरू कानाशी धरून फिरवतो, घड्याळजीसारखं,
आणि परत देतो. चांगलं आहे. बोलतं फार.
त्याचं स्वतःचं रीळ म्हणजे अंगठा,
दोराच्या जाडीची खाच पडलेला.

पाणी मती देखो, डोरी देखो.
मी दोर बघतो. बराच वेळ तो नुसताच दोर असतो.
मग दंवाचे थेंब त्यावरून खाली निसटतात
आणि एक थेंब मध्येच थांबतो, थरथरतो.
हिसडू नका, भेरू कुजबुजतो,
अजून वाचतोय तो. सही करू द्या.

माघात एकदा बाडस लागला.
काठी कमानीसारखी वाकली, रीळ किंचाळलं,
आणि भेरू उभा राहून ओरडायला लागला,
दोराकडं न बघताच, डोळे मिटून:
खळ्यात शिरला! विहिरीला वळसा! आता गल्ली,
लोहाराच्या भात्यावरून गेला, चावडी,
अरे वळ, वळ की...
मग गप्प झाला.
दोर ताठ. अडकलेला. हलेना.

मी चाकू काढला. त्यानं माझं मनगट धरलं,
एवढ्या वर्षांत पहिल्यांदा.
होडी लांबून फिरवून पलीकडं नेली, म्हणाला,
मागचं दार इकडं आहे.
दोर बोटावर घेतला आणि ढील दिली,
अजून ढील, झोपल्या लेकराखालून
हात काढून घ्यावा तशी.
पाव तास. डोंगरावर उजाडलं. चहा निवला.
दोर हलका होऊन वर आला,
गळ सरळ झालेला, टोकाला हिरवं शेवाळ,
कणीक साफ.

जेवून गेला, भेरू म्हणाला.
मौसीच्या घरून उपाशी कुणी गेलं नाही कधी.

त्या दिवशी त्यानं पैसे निम्मेच घेतले.
मी भांडलो, त्यानं ऐकलं नाही.
कानावरची विडी भिजली होती,
तरी तीन काड्या ओढल्या त्यानं,
पाठ माझ्याकडं करून.